उलटं मडकं प्रायव्हेट लिमिटेड

वच्छलाबाईंच्या बोटांवर ठसेच उरले नव्हते. बत्तीस वर्षं उलट्या मडक्यावर लंबी रोटी टाकल्यावर दुसरं काय होणार? पिठाचा सैल गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा, खालून जाळ घातलेल्या मडक्यावर पसरायचा आणि कड सुटली की बोटांनीच उचलायचा. चिमटा लावला की रोटी फाटते. नागपुरात मटणाचं जेवण म्हटलं की ही रोटी लागतेच. रामबागेत प्रेमलताच्या अंगणात, टिनाच्या शेडखाली, सात बाया ती करायच्या. लोक मात्र म्हणायचे, वामनरावाच्या रोट्या.

आता हा वामनराव कोण, तर ऑर्डर घेणारा. मडक्याला कधी हात लावला असेल तर शपथ. लग्नघरी जाऊन बोलणी करायची ती पुरुषानंच, असं कोणी कधी ठरवलं देव जाणे, पण ठरलेलं होतं. म्हणून तो पुढे आणि बाया जाळापाशी.

यंदा विमानतळाजवळच्या मिहान वसाहतीतल्या एका मोठ्या कँटीनचा माणूस अंगणात आला. त्याला रोज दुपारी रोट्या हव्या होत्या, पण रीतसर नोंदलेल्या कंपनीकडूनच, आणि महिनाअखेरच्या आत. वामनराव लगेच म्हणाला, "काढून टाकतो ना कंपनी. मी मालक, तुमी कामगार. पर्मनंट!" बोलला असा की जणू यांच्यावर उपकारच करतोय.

वच्छलाबाई हात पुसत म्हणाल्या, "कंपनी आमीच काढू."

वामनराव पोट धरून हसला. ते हसणं त्यांना भयंकर झोंबलं. दुसऱ्याच दिवशी प्रेमलताला घेऊन त्या सीताबर्डीला दीक्षाच्या ऑफिसात हजर झाल्या. दीक्षा वस्तीतलीच पोर, कंपनी सेक्रेटरीची परीक्षा पास झालेली. कंपन्यांची नोंदणी करून देणं हाच तिचा धंदा.

"काकू, प्रायव्हेट कंपनीला कमीत कमी दोन डायरेक्टर लागतात आणि दोन भागधारक," दीक्षानं समजावलं. "त्याच दोघी दोन्ही असल्या तरी चालतं. नाव मंजूर करून घ्यायचं. पत्त्यासाठी लाईटबिल आणि घरमालकाचं ना-हरकत पत्र. मग दोघींचं पॅन, आधार, डिजिटल सही. सगळं ऑनलाईन होतं, कुठं खेटे घालायचे नाहीत."

प्रेमलताच्या घराचं बिल तिच्याच नावावर होतं. पत्ता झाला. नावाचं विचारल्यावर वच्छलाबाई म्हणाल्या, "उलटं मडकं."

"काकू, थोडं चांगलं काही..."

"काहून वं? आमी काय सरळ मडक्यावर करतो काय?"

दीक्षानं मुकाट्यानं तेच टाकलं. चार दिवसांत नाव मंजूर झालं.

गाडी अडली ती पुढे. वच्छलाबाईंकडे पॅन कार्ड नव्हतं. ते झटपट काढायचं तर आधारशी जोडलेल्या फोनवर ओटीपी येतो, तो टाकावा लागतो. डिजिटल सहीलाही तेच. दीक्षानं बटण दाबलं. वच्छलाबाई हातातल्या फोनकडे बघत बसल्या. फोन गप्प.

"काकू, आधारला हा नंबर नाहीच आहे. दुसराच कुठला तरी आहे. शेवटचे आकडे बघा."

प्रेमलता वाकली. "अगं माय, हा तर वामनभाऊचा!"

मग वच्छलाबाईंना सगळं आठवलं. बरीच वर्षं झाली, वस्तीत आधारचं शिबिर लागलं होतं. फोन कोणाकडेच नव्हता. वामनराव टेबलाशी उभा राहून म्हणाला होता, टाका माझा नंबर. सहाजणींनी एकच नंबर लिहिला, त्याचा. प्रेमलता मागून आली म्हणून सुटली. किती भला माणूस, असं तेव्हा वाटलं होतं. डोंबलाचा भला!

त्यांनी फोन लावला. पलीकडून वामनराव निवांत आवाजात म्हणाला, "आला ना नंबर. सहा आकडे हायेत."

"सांगा मंग."

"सांगतो ना. पहिले कागदावर माझं नाव येऊ दे. तिसरा डायरेक्टर मी आन् अर्धी कंपनी माझी. बाया-बायांची कंपनी कुठं चालते का वं?"

"तुमच्या फोनवर आला म्हणून तो तुमचा नाही झाला, वामनभाऊ," वच्छलाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दीक्षा हळूच म्हणाली, "काकू, कँटीनवाला महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहे. तुम्ही म्हणाल तर..."

"मले अर्धी नाही पाहिजे. नंबर कसा बदलते ते सांग."

नंबर बदलायचा तर आधार केंद्रात जाऊन बोटं द्यायची. वच्छलाबाई गेल्या. ऑपरेटरनं अंगठा लावायला सांगितला, मग दुसरा, मग एकेक करत दहाही बोटं. ओल्या फडक्यानं पुसून झाली, दाबून झाली. मशीन लाल ते लालच.

"मौसी, बोटं घिसून गेली तुमची. जुना नंबर ज्याचा आहे ना, त्यालेच घेऊन या."

मागच्या रांगेत कोणीतरी चुकचुकलं. वच्छलाबाई जागच्या हलल्या नाहीत. "बोटं नाहीत तर मी नाही का? कामानं गेली ती, चोरीनं नाही. डोळ्याची मशीन असते ना तुमच्याकडं?" हे दीक्षानं पढवून पाठवलं होतं.

"आहे, पण ती जोडाले टाइम लागते."

"जोड बाबा. मी बसून राहिली इथं."

आणि खरंच बसून राहिल्या, त्याच खुर्चीत, पदर खोचून. रांग कुरकुरली. ऑपरेटरनं दोनदा बाजूला व्हायला सांगितलं. बाई ढिम्म. अखेर त्यानं उसासा टाकत कपाटातून दुर्बिणीसारखं यंत्र काढलं, वायर जोडली आणि म्हणाला, "पापणी हलवू नका, मौसी."

आता हे वच्छलाबाईंना सांगायचं! बत्तीस वर्षं धुरात डोळे उघडे ठेवून रोटी जळू न देणारी बाई ती. पापणी तसूभर हलली नाही. मशीनवर हिरवी खूण आली.

काही दिवसांनी दीक्षाच्या ऑफिसात त्यांच्या स्वतःच्या फोनवर सहा आकडे आले. वच्छलाबाईंनी ते मोठ्यानं वाचले, एकेक सुटा. पॅन झालं, सही झाली, अर्ज गेला, आणि महिना संपायला तीन दिवस असताना नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. दोन डायरेक्टर, दोन्ही बाया. वच्छलाबाईंना आनंद तर झालाच, पण त्याहून जास्त राग आला, की हे आपण इतकी वर्षं काहून नाही केलं.

शुक्रवारी वामनराव नेहमीसारखा अंगणात येऊन उभा राहिला. "उद्या जरीपटक्यात लग्न हाय. चारशे रोट्या."

वच्छलाबाईंनी मडक्यावरची रोटी उचलली, घडी घातली, मग म्हणाल्या, "कंपनीले फोन करा. मोकळे असू तर घेऊ."

"कोणता फोन?"

"लिहून घ्या." त्यांनी आपला नंबर सांगितला. वामनरावानं बाकीच्या बायांकडे पाहिलं. एकीनंही मान वर केली नाही. लग्नघरी शब्द देऊन बसला होता, करतो काय? खिशातून फोन काढून टाइप करू लागला आणि मधेच अडला.

"आडनाव काय वं तुझं?"

बत्तीस वर्षांत त्याला ते कधी लागलंच नव्हतं. "गजभिये," वच्छलाबाई म्हणाल्या. "वच्छला गजभिये. फुडं डायरेक्टर लिहा." आणि लिहून होईपर्यंत त्या त्याच्या फोनात बघत उभ्या राहिल्या.