आबांच्या डोक्यावरचं पातळ

गारगोटीच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा आईने डोळ्यांना पदर लावला आणि माझे वडील, आबा, टपावर चढवलेली माझी ट्रंक नीट बांधली आहे ना, हे दोर ओढून बघत होते. मी पशुवैद्यकाच्या पदवीसाठी नागपूरला निघाले होते. गल्लीतली मुलगी इतक्या लांब, तेही गुराढोरांचं शिकायला जाणार, हे बऱ्याच जणांना पटलं नव्हतं. शेण काढायला कॉलेज कशाला लागतंय, असं चुलत्यांचं विचारून झालं होतं. गाडी हलताना आबा खिडकीशी आले. "म्हशीचं आमी बगतो. तू फुडं बग."

म्हशीचीच तर अडचण होती. रेडकू दगावल्यापासून चांदी माझ्याशिवाय कुणालाच पान्हा सोडत नव्हती. आई धारेला बसली की चांदी दूध चोरून ठेवायची, आबा जवळ गेले की लाथ झाडायची. आणि माझ्या मेसचे पैसे तिच्याच दुधातून यायचे होते. चांदी आटली तर मला परतावं लागणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

नागपुरात मी लगेच घडी बसवली. हॉस्टेलच्या भिंतीवर वेळापत्रक लावलं, कपडे धुण्याचा वार ठरवला. वर्गात आम्ही दोघीच मुली. भाजीवाली कोथिंबिरीला सांबार म्हणते हे शिकले, मेसच्या वरणात घरची कांदा-लसूण चटणी कालवायला लागले. पण पोस्टमन दिसला की वाटायचं, घरून परत बोलावणं आलं असेल. येत मात्र मनिऑर्डरच होती. ती कशी येते, हे मला कळत नव्हतं आणि विचारायचा धीरही होत नव्हता.

दिवाळीला घरी पोचले ती नेमकी धारेच्या वेळेला. गोठ्यात माझं जुनं पातळ डोक्यावरून घेऊन कुणीतरी चांदीखाली बसलं होतं. धारेला बसताना मी नेसायचे तेच पातळ. पदराखालून मिशा दिसल्या. तालमीत घुमलेले, फेट्याशिवाय उंबऱ्याबाहेर न पडणारे माझे आबा!

मी गेल्यावर चांदीने थेंबही दिला नव्हता. मग माझ्या वासाला ती भुलेल म्हणून आईने ही पातळाची शक्कल काढली. आईच्या हाताला चांदी तरीही दूध सोडेना, म्हणून आबा बसले. शेजारचे तातोबा कुंपणावरून रोज विचारायचे, "आबा, नवी सून आली म्हनायची की!" आबा धार न थांबवता सांगायचे, "आली की. आहेर करायचा आसंल तर पेंड आन."

मी खूप हसले, मग हसू येईना. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी आबांकडे पातळ मागितलं. वाटलं, सुटलो म्हणून देतील. त्यांनी ते काखेत घट्ट धरलं.

"न्हाय द्यायचो," ते म्हणाले. "आत्ता कुठं माझ्या हाताला लागलीया. सुट्टी सपली की तू जानार. मग परत हिची समजूत कुनी काढायची?"

मी बाजूला उभी राहिले. चांदीने एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि आबांच्या बादलीत धार वाजू लागली.

पदवी झाली, नोकरीही तिकडेच लागली. 'व्हय'च्या जागी माझ्या तोंडात आता नागपुरी 'हाव' बसलं आहे. आपल्यावाचून जिथे अडतं ते घर, असं मी पूर्वी धरून चालले होते. गाव सोडून गेलेले तुम्हीही तसंच धरून चालला असाल. माझ्या घराने मात्र माझ्यावाचून निभवायला शिकून घेतलं, गल्लीचं हसू सोसून, मला परत बोलवायची वेळ येऊ नये म्हणून.

अजूनही सुट्टीला गेले की पहाटे गोठ्यात बादलीचा आवाज होतो. मी अंथरुणातच पडून राहते. मला कुणी हाक मारत नाही, आणि मी पुन्हा गाढ झोपते.