यशोदाबाईंचं कुंकू

काळेवाडीत कंपनीतल्या माणसांना डबे पुरवणाऱ्या यशोदाबाईंच्या कपाळावरचं कुंकू हा साऱ्या आळीच्या चर्चेचा विषय होता. नवरा रंगराव सकाळच्या शिफ्टला म्हणून डबा घेऊन निघाला, तो गेलाच. कंपनीत पोचला नाही, घरी परतला नाही. बाई मात्र रोज ठसठशीत कुंकू लावायच्या. कुणी कुजबुजलं की तिथंच झाडायच्या, माझ्या कपाळाचं मी बघीन, तू तुझी भाकरी जेव.

अठ्ठ्याहत्तर साली मात्र पंचाईत झाली. लेक कस्तुराचं लग्न ठरत आलं आणि सोयऱ्यांनी विचारलं, पोरीचा बाप आहे की नाही, ते एकदाचं सांगा. असलं अधांतरी घर आम्हाला नको. दीर मालोजी म्हणाला, बारा वर्षं झाली, रीतीप्रमाणे दर्भाचा पुतळा करून दादाला अग्नी देऊ. बाईंच्या जिवाची नुसती घालमेल. जित्या माणसाला जाळायचं कसं? आणि न जाळावं तर पोरीचं ठरलेलं मोडतंय.

तशात रंगरावाबरोबर काम केलेला ज्योतीराम सांगत आला, की जुन्नरला लेण्याद्रीच्या पायथ्याशी नारळ विकणारा एक जण थेट त्याच्यासारखा दिसतो, कानाची पाळीसुद्धा तशीच तुटकी. बाई कुणाला काही बोलल्या नाहीत. चिंचवड गावठाणातल्या बायका खास एसटी करून लेणी बघायला निघाल्या होत्या, त्यांच्यात जाऊन बसल्या.

पोचल्या तेव्हा पायथ्याचं दुकान बंद होतं. मग काय, चढल्या सगळ्यांबरोबर. वर निवृत्त मास्तर अण्णासाहेब हौसेनं सांगत होते, की आज गणपती बसलाय ते लेणं मुळात भिक्खूंचं. दोन हजार वर्षांमागं जुन्नर हे बौद्धांचं मोठं शहर, घरदार सोडून माणसं इथं येऊन राहायची. बायका दगडी ओट्यांवरून हात फिरवत होत्या.

"मास्तर," यशोदाबाईंनी मध्येच विचारलं, "मागं राहिलेल्या त्यांच्या बायकांनी कुंकू लावायचं का न्हाई?"

मास्तरांनी चष्मा पुसला आणि सगळ्यांना पुढच्या चैत्याकडं नेलं.

उतरल्यावर दुकान उघडं दिसलं. तोच होता. केस पिकलेले, पण तोच. शेजारी एक बाई हार ओवत बसली होती, ती त्याला "अहो" म्हणून हाक मारत होती. रंगरावानं यशोदाबाईंना पाहिलं, हातातला नारळ खाली ठेवला आणि घाईघाईनं बाजूला आला.

"यशोदे, तू मला बघितलंच न्हाईस असं समज. पाया पडतो तुझ्या."

मेल्यानं पोरीचं नावसुद्धा काढलं नाही! बाईंना रडू आलं नाही, संताप आला.

"समजते," एवढंच त्या म्हणाल्या आणि एसटीत जाऊन बसल्या.

घरी आल्या आल्या त्यांनी मालोजीला सांगितलं, विधी उरकून घ्या.

पवनेच्या काठी पुतळा जळाला. कुंकू पुसायला बायका पुढं सरसावल्या, त्यांना बाजूला सारून बाईंनी ते स्वतःच पुसलं. इथवर सगळं निभावलं. पण इतके दिवस रीत-रीत करणारा मालोजी राखेसमोर एकदम खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

"वहिनी, दादा एकदा तरी दिसायला पायजे होता ओ. एकदाच."

बाईंच्या ओठांवर आलं होतं. पलीकडं कस्तुराचे होणारे सासरे हात जोडून उभे होते. बाई दिराशेजारी बसल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.