हिरोला काही होत नाही

चारोटीच्या हायवेवरच्या हॉटेलात बसलं, की कंटेनर जाताना टेबलावरचे ग्लास किणकिणतात. काल ते वाजले आणि माझा हात आपोआप लेकीला शोधू लागला. ती तर आता पुण्याला शाळेच्या वसतिगृहात आहे. समोरच्या टीव्हीवर एका गाजलेल्या हेरपटाच्या नव्या भागाची जाहिरात चालली होती. दरवेळी तोच मसाला, म्हणून लोक हसतात. मला मात्र तो बघवत नाही.

तलासरीत भूकंपाचे धक्के बसायचे तेव्हाची गोष्ट. सई जेमतेम सहा वर्षांची. संध्याकाळी आम्ही दोघं घरी त्याच हेरपटाचा जुना भाग बघत होतो. निळ्या काचेचा मनोरा, खाली सोनेरी वाळवंट आणि हाताने लटकलेला हिरो. सईने माझी बाही घट्ट धरली.

"पडेल का रे, बाबा?"

"छे गं, प्रत्येक भागात लटकतो. हिरोला काही होत नाही."

तेवढ्यात जमिनीखालून गुरगुर आली. मांडणीतली भांडी खाली आली. सईला उचलून मी अंगणात धावलो, मागोमाग बायको आली.

सईने विचारलं, "बाबा, आपल्यात हिरो कोण?"

"तू," मी पटकन म्हणालो.

तिने माझा गळा आणखीच आवळला.

"मग तू आणि आई?"