खिडकीसमोरची जागा

फस्स असा आवाज झाला आणि पांढरी गार वाफ माझा गाल चाटून गेली. भिंतीमागून सर ओरडले, "प्लॅटिनम को कुछ हुआ तो नहीं?"

मला काही झालं का, हे कुणी विचारलं नाही.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कॉलेजातली, नव्वदच्या दशकातली गोष्ट. सर परदेशात शिकून आलेले, मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. जाड पोलादी भांड्यात कार्बन डायऑक्साइड दाबून भरायचा, त्यात एक क्षार विरघळवायचा आणि प्लॅटिनमच्या तारांमधून किती वीज वाहते ते मोजायचं. भांड्याला काचेची खिडकी होती. ऊब दिली की आतल्या द्रव आणि वायूमधली रेघ पुसट होते, मग नाहीशीच होते. ती गेली की हाक द्यायची, तेव्हापासून मापं सुरू. उन्हाळ्यात आमच्याकडे खोलीच इतकी तापते की रेघ दिसत नाही, म्हणून हे काम हिवाळ्यात.

मीटर भिंतीमागे. तिथे सर आणि त्यांचा भाचा. तोही माझ्यासारखाच विद्यार्थी. खिडकीसमोर रोज मी. पहिल्याच दिवशी सर म्हणाले होते, "तुम लोगों को तो धमाकों की आदत है." सगळे हसले. मीही हसले. ते माझं हसू अजून मला झोपू देत नाही.

बाबा भरवेलीच्या मँगनीज खाणीत होते. सुरुंगाआधी भोंगा होतो, माणसं लांब जातात. तरी एका सुरुंगाने त्यांचा डावा कान नेला. वाफ लागली त्या संध्याकाळी माझ्या गालावरचा चट्टा पाहून त्यांनी उजवा कान पुढे केला.

"थ्या भांड्याच्या तोंडाशी तुलेच उभं करते?"

"हौ."

"अन् सर?"

"भिंतीमागं."

"काहून?"

उत्तर आमच्या खाणकामगारांच्या वस्तीत सगळ्यांनाच माहीत होतं. ते सांगायची लाज वाटली, आणि मग त्या लाजेचाच राग आला.

सकाळी बाबांचा दाढीचा आरसा पिशवीत टाकला. प्रयोगशाळेत तो खिडकीसमोर तिरपा बांधला. आता रेघ भिंतीमागून दिसत होती. तिथे कुणी उभं राहायची गरजच नव्हती.

सरांनी आरशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"फिर तुम किस काम की?"

मी चावी फिरवली आणि वायू हळूहळू सोडून दिला. मीटरचा काटा शून्यावर आला.

"मी नाही उभी राहत," मी म्हणाले. त्यांच्याशी मराठीत पहिल्यांदाच बोलले.

आरसा सोडवून घरी आणला. तिथली पीएच.डी. गेली. भाच्याची झाली.

आजही कुकरची वाफ सुटली की माझा हात गालावर जातो. जाऊ दे. आता दुसऱ्या गावात मी हेच प्रयोग शिकवते. भिंत असेल तर ती सगळ्यांसाठी असेल. एकही माणूस बाहेर उभा असेल, तर मी भांड्यात वायू भरू देणार नाही.