हिऱ्यावरची वाफ

माझे भावोजी आयुष्यभर हिऱ्यांत खोट काढत आले आणि त्याचा त्यांना पगार मिळत होता. बाकीचे नवरे हेच काम घरी फुकट करतात. भावोजी घरीही करत, पण तिथं त्यांना भिंग लागत नसे.

कारखान्यात उत्तरेकडच्या खिडकीशी त्यांचं टेबल होतं. टेबलावर पांढरा कागद, चिमटा, भिंग आणि हिऱ्यांच्या पुड्या. दिव्याखाली हिरा बघायचा नाही हा त्यांचा नियम. दुकानातला दिवा म्हणजे हिऱ्याचा वकील, असं ते म्हणत. रंग बघायचा तर ते खडा पालथा घालत, कागदाच्या घडीत टोक वर करून ठेवत आणि त्यावर तोंडाची वाफ सोडत. वाफेनं चमक क्षणभर विझते आणि खडा पांढरा की पिवळसर ते उघडं पडतं.

"चमक फसवते," ते मला सांगत. "आधी तिला गप्प करायचं, मग बघायचं."

ताईच्या बाबतीतही त्यांचं धोरण साधारण हेच होतं, पण ते जाऊ दे.

नात्यातल्या कुणालाही हिरा घ्यायचा झाला की तो आधी भावोजींकडे यायचा. भावोजी खुलायचे. "वजनावर जाऊ नका, वजन शेजाऱ्यांसाठी असतं. आधी पैलू बघा. पैलू चुकले तर मोठा खडाही काचेसारखा मठ्ठ दिसतो. मग रंग. आणि जो डाग भिंगाशिवाय दिसत नाही त्याच्यासाठी जीव टाकू नका, अंगठी काही कुणी भिंगातून बघत नाही." इतका शहाणा सल्ला ऐकून माणसं जात आणि छान छान अंगठ्या घालून परत दाखवायला येत. त्यांना चहा देणाऱ्या ताईचं बोट तेवढं रिकामं.

लग्न ठरलं तेव्हा ते तिला म्हणाले होते, "तुला घेईन तर बिनखोटीचाच घेईन." ताई लाजली होती. मला विचारलं असतं तर मी तारीखही ठरवून घेतली असती. तिच्यासाठी त्यांनी कितीतरी खडे पाहिले आणि सगळ्यांना नाक मुरडलं. भिंगाशिवाय न दिसणारा डाग जगाला चालत होता, त्यांच्या बायकोला चालणार नव्हता. हे प्रेमच होतं, मी नाही म्हणत नाही. फक्त ते बोटात घालता येत नव्हतं.

ताई शिवणकाम करते. गेल्या वर्षी तिच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. सूज आता उतरायची नाही, वाढतच जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "अहो, अजून या सांध्यावरून अंगठी जाते. पुढं जाईल असं वाटत नाही. मला हिरा हवाय. आणि बोटात हवाय, डबीत नको."

तिनं उघडपणे काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्याच आठवड्यात आम्ही दुकानात गेलो. मी पंच म्हणून.

दुकानदार एके काळी भावोजींच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं खडे मांडले. ताईनं एक छोटासा, नेटक्या पैलूंचा खडा उचलला, दोन बोटांच्या बेचक्यात ठेवला आणि हात लांब धरून बघितला. तिचा चेहरा फुलला. भावोजींनी खडा काढून घेतला, खिडकीशी नेला, पालथा घातला, वाफ सोडली.

"पिवळा."

दुसरा पिवळा. तिसरा पिवळा. दुकानदारानं प्रमाणपत्र पुढं केलं, तर "छापायला काय जातं?" वर, "कागदसुद्धा जुनाट वापरतोस रे, पिवळा पडलाय बघ." मी कागदाकडे पाहिलं. चांगला पांढराशुभ्र होता.

दुकानदारानंही पाहिलं. मग त्यानं कपाटातून आणखी एक खडा आणून दिला.

"हाही पिवळाच," भावोजी म्हणाले.

"काका," तो हळूच म्हणाला, "हा आपला नमुन्याचा खडा आहे. सगळ्यांत पांढरा. बाकीचे याच्याशी ताडून बघायचे, तुम्हीच शिकवलंत."

माझ्या जिभेवर चार टोमणे तयार होते. पण भावोजींनी तो खडा परत खिडकीशी नेला, परत वाफ सोडली, आणि मी ते गिळले. रस्त्यात ते एवढंच म्हणाले, "किती खडे उगाच नाकारले असतील गं मी?"

"कारखान्याचे की माझे?" ताईनं विचारलं.

डोळ्यांच्या डॉक्टरनं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, पांढरं पिवळं दिसतं ते त्यानंच. हिऱ्याच्या माणसाला मोती, हे मात्र मी बोललेच, राहवलं नाही. आधी एक डोळा झाला, मग दुसरा. त्यात बरेच महिने गेले आणि ताईची बोटं काही थांबायला तयार नव्हती.

दुसरी पट्टी निघाली तेव्हा भावोजी चादर बघत बसले, भिंत बघत बसले. मग ताईकडे वळले.

"अगं, तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"तुम्ही दुसरं पांढरं बघत होता तेव्हा," ती म्हणाली आणि खिडकी लावायला उठली. खिडकी आधीच लावलेली होती.

भावोजी एकटेच दुकानात जाऊन आले. तोच छोटा खडा अजून तिथं होता. भिंगातून त्यांना कडेशी एक टिंब दिसलं, तरी घेतला. तिला चकित करायचं म्हणून अंगठीचं मापही त्यांनीच दिलं. त्यांना ते तोंडपाठ होतं. लग्नाच्या वेळचं.

अंगठी सांध्यापाशी अडली. ताईनं साबण लावून पाहिला. मग म्हणाली, "मोठी करून आणली तर सांधा ओलांडेल, पण खाली गरगर फिरत बसेल." आणि तिनं ती करंगळीत घातली. तिथं नीट बसली.

"मी फार उशीर केला," भावोजी म्हणाले.

"केलात," ताई म्हणाली.

तिनं हात पुढं धरला. भावोजींनी तो दोन्ही हातांत घेतला, बोट उजेडाकडे वळवलं, वाकले, आणि सवयीनं तोंड उघडलं.

"अहो, वाफ नको," ताई म्हणाली. "चमकू द्या की त्याला."

भावोजींनी तोंड मिटलं आणि नुसते बघत राहिले.