धोंड्याच्या करदोड्यातली कडी

सगळ्यात आधी आला तो साहेबांचा खानसामा, रहीमचाचा... बैलगाडीत डेगच्या, कंदील आणि मांडीवर एक जिवंत कोंबडी घेऊन. साहेब मागे कुठे राहिले याचा पत्ता नाही, आणि हा आमच्या दारात उभा राहून कांदे मागतोय.

गोष्ट फार जुनी. चंद्रपूरला आम्ही तेव्हा चांदाच म्हणायचो. ब्रह्मपुरीकडचं आमचं गाव, ढिवराचं, मासे धरणाऱ्याचं घर, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून. लग्नानंतरचा माझा पहिलाच हिवाळा. (शाळा माझी दुसरीपर्यंत. मी बोलतेय आणि नात टाईप करतेय, चुकलं तर तिचं.)

तर कांदे द्यायला माझी मोठी जाऊ कौसल्याबाई बाहेर आली, कडेवर पोरगा. चाचाची नजर पोराच्या कमरेच्या काळ्या दोऱ्यावर गेली आणि कांदे राहिले बाजूला. "बाई, ये कडी कहाँ से लाई? हमारे साहब तो इसी के पीछे गाँव गाँव घूमते हैं."

जाऊ आत पळाली ती दार लावूनच.

त्याचं असं होतं... जावेची आधीची दोन लेकरं गेली होती. हा तिसरा. नजर लागू नये म्हणून नाव ठेवलेलं धोंड्या, आणि तोही सारखा आजारी.

दिवाळी झाल्यावर सासऱ्यांच्या जाळ्यात एक रानबदक मेलेलं निघालं. त्याच्या पायात ही कडी, पांढरी, अगदी हलकी. पाखराच्या पायात कडी कोण घालणार, देवच... सासऱ्यांनी ती नातवाच्या करदोड्यात ओवली, आणि त्याच आठवड्यात पोराचा ताप उतरला. आता सांगा, कोणती आई सोडेल ती?

संध्याकाळी साहेब आले. मुंबईकडचे, काटकुळे, जाड चष्म्याचे. पाखरं येतात कुठून आणि जातात कुठे, हे शोधत फिरायचे म्हणे. आम्हाला वाटलं, पोटाला दुसरं काही नसेल.

सकाळी सासऱ्यांना घेऊन त्यांनी तलावात जाळी लावली. मी घागर घेऊन गेले ती तिथेच उभी राहिले. बदक धरायचं, कापडी पिशवीत घालून काट्याला टांगायचं, पट्टीनं पंख मोजायचा, चिमट्यानं पायात तशीच एक कडी दाबून बसवायची... आणि सोडून द्यायचं. सोडून! एवढं गुबगुबीत बदक.

"कितने बरस हुए," चाचा मला म्हणाला, "एक बतख पकाने को नहीं मिली."

दुपारी साहेब आमच्या ओसरीवर येऊन बसले. जाऊ दाराआड, पोर छातीशी. साहेब म्हणाले, "बाई, कडी मला नको. तिच्यावर काय कोरलंय तेवढं वाचू द्या."

"वाचल्यानं तिचा गुण उतरला तं?" आतून आवाज आला.

साहेब काही बोलायच्या आत सासरेच खेकसले, "कौसल्ये, पोथी वाचल्यानं पोथी खाली होते काय वं? येऊ दे पोराले बाहेर."

आली. पण दोरा सोडला नाही. पोराला मांडीवर घट्ट धरलं आणि म्हणाली, "वाचा असंच." मग काय, एवढा शिकलेला माणूस गुडघ्यावर बसला आणि आमच्या धोंड्याच्या पोटाशी चष्मा नेऊन वाचायला लागला. धोंड्यानं त्याच वेळी धार सोडली... (धोंडू, वाचशील तेव्हा रागावू नको. आता तुझीच नातवंडं तुझ्यावर सोडतात.)

साहेब हलले नाहीत. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग हळू म्हणाले, "मॉस्को लिहिलंय. म्हणजे रशियात, हिमालयाच्याही पलीकडे, माझ्यासारख्याच कोणीतरी त्या बदकाला हातात धरून ही घातली."

माझं सगळ्यात दूरचं गाव तेव्हा ब्रह्मपुरी. तेही गाडीत बसून. आणि ते पाखरू, काळीज ते केवढं असेल, बर्फाचे डोंगर, नद्या, वाळवंट ओलांडून आमच्या शिंगाड्याच्या तलावात उतरलं होतं... माझ्या अंगावर काटा आला. आज सांगतानाही येतो.

सासरे तलावाकडे वळले. म्हणाले, "साहेब, एवढ्या दुरून आलं अन् माह्या जाळ्यात... पण त्याले रस्ता दाखवला कोणं?"

"ते अजून कोणालाच नीट माहीत नाही, भाऊ. म्हणून तर हे सगळं."

एवढा मोठा साहेब आमच्या ओसरीवर बसून 'माहीत नाही' म्हणाला. मला ते फार आवडलं.

जाऊ मात्र दोऱ्याची गाठ चाचपत होती. "बर्फाचा पहाड उलांडून आलं ते... तं मंग बराबरच बांधली आमी." साहेब हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

निघताना ते म्हणाले, कडीवरचा आकडा लिहून तिकडे विचारतो. कुठल्या पाण्यावर घातली, कधी घातली, ते कळलं की स्वतः सांगायला येतो. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, आमची भाऊबीजेनंतरच्या पहिल्या सोमवारी. "पुढच्या वर्षी त्याच दिवशी येतो," म्हणाले, "तोवर बदकंही परत आलेली असतील."

धोंड्याबद्दल जाऊ कधी उद्याचं बोलायची नाही. झबलंसुद्धा वाढत्या मापाचं शिवू द्यायची नाही. ती ओसरीच्या कडेपर्यंत आली, पोराला खाली उभं केलं, दोन्ही बगलांत धरून.

"याच मंग सोमवारी," म्हणाली. "तवापर्यंत हा चालाले लागते. पाळीवर येईल तुमाले घ्याले."