गंजीत घातलेला हात

शिरपूरजवळच्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये मी व्यवस्थापक झालो तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो आणि स्वतःविषयी माझं मत फारच चांगलं होतं. मालकांनी मला जळगावला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. हॉटेलच्या गार हॉलमध्ये एक बाई सांगत होत्या, माणसं सांभाळणाऱ्याने आधी ऐकायला शिकावं आणि रोज स्वतःला तपासावं. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. रेघा ओढण्यात मी लहानपणापासून हुशार.

परत आल्यावर रोज सकाळी नऊला वजनकाट्याजवळ सभा सुरू केली. गाड्या उतरवणारे, यंत्रांवरचे, गाठी बांधणारे, सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि प्रत्येकाने आपल्या कामाविषयी एक वाक्य बोलायचं. कोण काय बोललं ते मी रजिस्टरमध्ये लिहायचो. संध्याकाळी वहीत स्वतःविषयी दोन ओळी. सभेला नियम एकच होता, नीट मराठीत बोलायचं.

हा नियम माझ्या डोक्यातून आला होता. मी धुळ्याजवळच्या खेड्यातला. आई अहिराणीच बोलायची, तिला दुसरं काही येत नव्हतं. पुण्याला शिकायला गेलो, पहिल्याच आठवड्यात वर्गात उभा राहून एक वाक्य बोललो आणि मागच्या बाकापर्यंत हशा पिकला. तेव्हापासून ती बोली मी फक्त आईच्या फोनपुरती ठेवली, तीही खोलीचं दार लावून. माणसांना सांगायचो की बाहेरचे व्यापारी येतात, त्यांच्यापुढे तुमचं हसं होऊ नये म्हणून हा नियम आहे. खरं म्हणजे लाज माझी मला वाटत होती.

आठवडाभरात माणसांनी एक वाक्य पाठ केलं. ‘सगळं ठीक आहे, साहेब.’ शाळेत हजेरी द्यावी तसं एकामागून एक. सभा दहा मिनिटांत आटपायची आणि मला वाटायचं, काय शिस्त लागली आहे.

अंगणातल्या कापसाच्या गंज्या एका म्हाताऱ्या मुकादमाच्या ताब्यात होत्या. त्यांना सगळे आबा म्हणायचे, मीसुद्धा. साठी उलटलेली, बोलणं कमी. सकाळी आल्या आल्या ते बाही वर सारायचे आणि एकेका गंजीत कोपरापर्यंत हात घालून उभे राहायचे. ओला कापूस दाबून रचला की आतल्या आत तापतो आणि वरून काही दिसत नाही. आबांच्या हाताला ते कळायचं. ओल मोजायचं यंत्र ऑफिसात होतं, पण आबांनी हात घातल्याशिवाय कोणी गंजीला हात लावायचा नाही, अशी तिथली जुनी रीत होती. मला ती रीत थोडी गावंढळ वाटायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर दोन दिवस अवकाळी पडला आणि ओला माल आला. चार-पाच दिवसांनी सभेच्या वेळी बाहेरगावचे दोन व्यापारी माझ्या शेजारी उभे होते. आबांची पाळी आली. कोपरापर्यंत हाताला कापूस चिकटलेला होता.

“साहेब, मांगनी गंजीमा हात घालीसन देखा,” ते म्हणाले. “मझार गरम लागस.”

मागच्या गंजीत हात घालून बघा, आत गरम लागतंय. मला शब्दन्‌शब्द कळला. कळणार नाही कसा? माझी आई चुलीवरच्या भांड्याविषयी हेच म्हणायची. पण व्यापाऱ्यांपैकी एकजण गालात हसला आणि पुण्यातला तो वर्ग माझ्यापुढे उभा राहिला.

“आबा, नीट मराठीत सांगा,” मी हसत म्हणालो, “पाहुण्यांनाही कळू द्या.”

दोन-चार जण हसले. आबा शब्द शोधत राहिले. ओठ हलले, हाताचा कापूस त्यांनी हळूहळू झटकला. मग मान खाली घालून म्हणाले, सगळं ठीक आहे, साहेब. मी रजिस्टरमध्ये तसंच लिहिलं. पाहुणे गेले की आबांना गाठायचं असं मनात ठरवलं होतं. पाहुणे जेवूनच गेले आणि माझ्या डोक्यातून ते निघून गेलं.

दुपारी तीनच्या सुमाराला मागच्या गंजीतून धूर निघाला. मी धावत पोचलो तेव्हा आबा गंजी फोडत होते. तापलेला कापूस ओढून बाजूला टाकला तर शेजारच्या गंज्या वाचतील, हे त्यांना माहीत होतं. शेजारच्या वाचल्या. आबांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यात नेताना गाडीत ते एकदाही कण्हले नाहीत, आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

आठ दिवसांनी मालकांनी चौकशी ठेवली. त्यांनी रजिस्टर मागवलं. माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं की मुकादमाने सगळं ठीक असल्याचं सांगितलं. आबा पट्टी बांधलेला हात घेऊन दारापाशी उभे होते. मालकांनी विचारलं, असं म्हणाला होतात का? आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन म्हणून त्यांनी वाट पाहिली, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत-लावत बसलो. मग ते म्हणाले, हो, म्हणालो होतो.

हलगर्जीपणा केला म्हणून त्यांना काढून टाकलं. बावीस वर्षं ज्या हाताच्या भरवशावर ते अंगण चाललं, तो हात निष्काळजी ठरला. त्या संध्याकाळी मी वही उघडली. आगीच्या दिवशी सकाळीच, सभा संपल्यावर मी लिहून ठेवलं होतं, ‘आज सर्वांना बोलण्याची संधी दिली.’ ते वाचलं आणि मला माझीच किळस आली.

मालकांना खरं सांगायला मी चार महिने लावले. हंगाम संपल्यावर सांगितलं. ते म्हणाले, आता कशाला उकरून काढता, दुसरा मुकादम रुळला आहे. सभेचा नियम मी मोडला. एक दिवस मीच अहिराणीत बोलायला सुरुवात केली. माणसं एकमेकांकडे बघू लागली, साहेब आज थट्टा करतात की काय म्हणून. मग पहिला म्हणाला, सगळं ठीक आहे, साहेब. पाठोपाठ बाकीचे. अजूनही तेच म्हणतात.

वैशाखात मी आबांच्या गावी गेलो. सातपुड्याच्या पायथ्याशी लहानसं घर. सून चहा ठेवून गेली, कपांऐवजी स्टीलचे पेले. मला माझा पेला धरवेना, मी खाली ठेवला. आबांनी आपला पेला उजव्या हातात अख्खा धरला होता, वाफा निघत होत्या आणि ते शांत बसून होते. त्या हाताला आता गरम लागत नव्हतं.

सगळी वाट मी काय बोलायचं ते घोकत आलो होतो, आईच्या शब्दांत. ती गेल्यापासून माझ्याशी त्या बोलीत घरच्यासारखं कोणी बोललं नव्हतं.

“आबा, मन्ही चूक झायी,” मी म्हणालो. “तुम्ही सांगं, मी आयकं नही.”

मी अंगणात शिरताना आबा आत सुनेशी अहिराणीत बोलत होते, ते मी ऐकलं होतं. त्यांनी पेला खाली ठेवला, बाही मनगटापर्यंत ओढून घेतली आणि प्रत्येक शब्द जपून, सभेत बोलायचे तसं बोलले.

“आपण कशाला त्रास घेतलात, साहेब? सगळं ठीक आहे.”